न उचललेला भंडारा

ता. ११ ऑगस्ट १९२९, रविवार. सोलापूर

ही वही बसवराजनं दिली. त्याच्या मामाच्या कापडदुकानात दोन वर्षांमागची डायरी कोरीच पडली होती. तिच्यातले वार जुळत नाहीत, ते खोडून मी नवे घालतो. बसवराज माझ्याच खोलीत राहतो, अक्कलकोटाकडचा आहे. म्हणाला, "लिव रोज. तुज्या डोक्यात सकाळी एक खूळ आसतं, सांजंला दुसरं. वहीत आसलं म्हंजे कंचं खरं ते बघता तरी येईल."

त्याचं खोटं नाही. मराठी तिसरीतनं शाळा सोडली. मेंढरं राखली, ती थोरल्या चुलत्याकडं सोडली. मंगळवेढ्यात शिंप्याकडं काजं करायला बसलो, सहा महिन्यांत उठलो. मग चालत इथं आलो. गिरणीत सूतखात्यात भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावतो. दोन वर्षं झाली. एवढा कुठंच टिकलो नव्हतो. तरी मन लागत नाही. आज वाटतं मुंबईला जावं. उद्या वाटतं कराचीहून आगबोटीत बसून थेट बसऱ्याला जावं आणि वडलांना हुडकून काढावं.

वडील पलटणीत नाईक होते. नाव येडू. सोळा सालच्या हिवाळ्यात तिकडं लढाईत गेले ते गेलेच. सरकारी कागद आला त्यात बेपत्ता लिहिलं होतं. मेला असं नाही, पळाला असंही नाही. मी सात वर्षांचा होतो. आय अजून कुंकू लावते.

ता. १३ ऑगस्ट

गिरणीत कामाला लागलो त्याचं लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. गेटावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पन्नास माणसं होती. इमामसाब पहारेकरी काठीनं सगळ्यांना मागं सारत होता. मला म्हणाला, "नाव?" मी म्हणालो, "सिद्धनाथ येडू, हुलगेवाडी." त्यानं काठी खाली केली. माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि स्टुलावर बसला. मग उठून मला स्वतः खात्याच्या जाबरकडं, म्हणजे मुकादमाकडं, घेऊन गेला. बाकीचे एकोणपन्नास तसेच उन्हात.

तेव्हापासून मी त्याला चाचा म्हणतो. एका गुडघ्यानं लंगडतो. तोही मोठ्या लढाईत होता, खेचरं हाकायला. दर रविवारी मला घरी जेवायला बोलावतो. त्याची बायको सरदारबी, माझी चाची, आमटी भाकरी वाढते आणि मला पोट भरलं म्हणू देत नाही. बसवराज म्हणतो, "यप्पा, लेक न्हाई त्यांना, न्हाईतर तुला जावई केला आसता, तू मेंढक्या आसलास तरी." म्हातारा भला आहे, एवढंच.

ता. १८ ऑगस्ट, रविवार

आजचं सगळं लिहितो. 

चाचाकडं जेवत होतो. सहज वाडीच्या जत्रेचं निघालं. आमच्याकडं दिवाळी पाडव्याला बिरोबाची जत्रा असते. पालखीवर छत्री धरायचा मान मायाप्पा सुभेदारांचा. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वडलांच्याच पलटणीत होते, पेन्शन घेऊन आले. हे मी बोललो आणि चाचानं घास खाली ठेवला.

"मायाप्पा सुभेदार जित्ता हाय?"

"चांगले ठणठणीत आहेत. तुम्ही ओळखता?"

मग त्यानं सांगितलं. दोन वर्षं मला जेवू घालतोय आणि आज सांगितलं. त्याची खेचरं ह्याच पलटणीबरोबर होती. तो वडलांना ओळखत होता.

म्हणाला, "दजला नदी, बगदादकडची. आपली भीमा पुरात आसती तेवढी रुंद. पलटण पलीकडनं मागं येत हुती. ह्या काठापासून त्या काठापतोर दोर. दोराला पडाव, म्हंजे मोठी सपाट नाव. ह्या बाजूनं माझी खेचरं दोर ओढायची, त्या बाजूनं माणसं. सगळे आले. सात माणसं पलीकडं ऱ्हायली, मागच्या तुर्काला थोपवायला. त्यांचा नाईक तुजा बाप. पडाव त्यांना आणायला निगाला, निम्म्या पाण्यात गेला, आन दोर तोडला."

मी म्हणालो, "तोडला? तात्यांनी आयला सांगितलं दोर तुटला म्हणून."

"तोडला. नाहीतर तुर्क पडाव ओढून घेऊन ह्या काठाला आला असता. सुभेदारांच्या हुकमानं तोडला."

"तुम्ही होता तिथं? तात्या होते?"

"सुभेदार वर बांधावर, जखमींच्या गाड्यांपाशी."

चाचीनं मधेच ताट उचललं. माझं जेवण झालं नव्हतं. तिनं बघितलंच नाही.

सात माणसं. दोर तोडून सात माणसं मरायला ठेवली. वर आम्हाला सांगितलं तुटला. ह्याच कामाचा गोऱ्या साहेबानं त्यांना शौर्याचा बिल्ला दिला म्हणे. तेरा वर्षं आमची आय त्यांच्या घरी सुपलीत हुलगे घेऊन जाते, पाया पडते.

ता. १९ ऑगस्ट

कामात लक्ष नव्हतं. जाबर दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा कानाखाली दिली. चाचा गेटावर नेहमीसारखा बसला होता, माझ्याकडं बघितलं नाही.

ता. १ सप्टेंबर, रविवार

बसवराजशी भांडण. तो म्हणतो, "तुजं डोकं थंड हुईल तवा इचार कर. पलीकडं सात, अलीकडं किती? शंभर दीडशे जखमी. तू सुभेदार आसतास तर काय केलं आसतंस?"

"मी दोर तोडला नसता."

"तू शिंप्याचं काज बी पुरं केलं न्हाईस. तू काय केलं आसतंस ते तुलाच म्हाईत न्हाई."

मी त्याच्या अंगावर गेलो. शेजारची दोघं मधे पडली. नंतर त्यानंच चहा आणला. म्हणाला, "तोडला ते माफ. लढाई हाय. पर घरी येऊन तुटला का सांगितलं, ते मात्र बरोबर न्हाई." हे मला पटलं. तोडला असेल. पण तुटला का सांगितलं?

आज महादेवप्पांना पत्र लिहिलं. ते वाडीचे पंच, शब्दाचे माणूस. सगळं लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, पाचवं टाकलं. आयला काही कळवलं नाही.

ता. १५ सप्टेंबर, रविवार

बसवराजला साक्षीदार बघायचा होता, म्हणून त्याला चाचाकडं नेलं. चाचानं परत सगळं सांगितलं, पण घाईघाईनं. आज म्हणाला, "सुभेदार माझ्याशेजारी उभे. धुक्यात पलीकडं माणसं दिसली. म्हणाले, तोड."

बसवराज म्हणाला, "हुकूम सुभेदारांचा. हात कुणाचा?"

"हुता एक."

"कोन?"

"मेला तो." चाचानं विडी पेटवली, ती विझली, परत पेटवली.

चाची आतनं म्हणाली, "पोरांना जाऊ देव जी आता."

खोलीवर येऊन ही वही मागं चाळली. १८ ऑगस्टला चाचा म्हणाला होता, सुभेदार वर गाड्यांपाशी. आज म्हणाला शेजारी. वय झालंय, तेरा वर्षं झाली. एवढं तेवढं इकडं तिकडं होणारच. बसवराजला हे दाखवलं नाही, तो लगेच चिरफाड करत बसेल.

ता. २९ सप्टेंबर

काही नाही. पाऊस. बसऱ्याला जायचं भाडं कुणी तरी सांगितलं.

ता. १४ ऑक्टोबर, सोमवार

महादेवप्पांचं पत्र आलं. मास्तरांकडून लिहून घेतलंय, पण बोल त्यांचेच आहेत. लिहितात, "सिदा, तू लिहिलेस ते जड आहे. मायाप्पाला एकट्यास विचारले. तो गप्प बसला. तुझा साक्षीदार पाडव्याला घेऊन ये. पालखी उठायच्या आधी पंच बसतील. मायाप्पा भंडारा उचलेल."

बसवराजनं विचारलं भंडारा उचलणं म्हणजे काय, त्यांच्यात नसतं. मी सांगितलं. भंडारा म्हणजे देवाची हळद. देवापुढं घोंगडी अंथरतात, तिच्यावर भंडारा आणि बेलाचं पान ठेवतात. ज्याच्यावर आळ असतो त्यानं ते मुठीत उचलून बोलायचं. बोलला ते खरं. मग त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. खोटं बोलून उचलला तर घर बुडतं. म्हणून जो खोटा असतो तो उचलतच नाही. वाडीत कज्जे असेच मिटतात, मंगळवेढ्याच्या कचेरीत कुणी जात नाही.

"आन खरा माणूस उचलाय भ्याला तर?"

"खरा का भिईल?"

बसवराज म्हणाला, "तुमच्यात सोपं हाय बाबा."

ता. २० ऑक्टोबर, रविवार

चाचाला म्हणालो चला वाडीला. तो नाही म्हणाला. गुडघा दुखतो, रजा नाही, मी मुसलमान, तुमच्या देवळात माझं काय काम. मी म्हणालो, दिवाळीला गिरणी बंदच आहे, आणि आमच्या बिरोबाला नबीसाब तांबोळी दरसाल नारळ फोडतो. तरी नाही.

मी चिडलो. म्हणालो, "माझ्या बापाचं मीठ खाल्लं असंल ना तिथं एका ताटात? मग एकदा खरं बोलायला काय जातं?"

 चाची चुलीपाशी होती. तिनं मागं न बघता म्हटलं, "जाके आव जी. तेरा बरस मेरेकू सुनाए. अब वहाँ सुनाव."

चाचा तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "येतो." चाची बाईमाणूस असून किती सच्ची आहे.

ता. ३१ ऑक्टोबर, गुरुवार

वाटेत आहे. कामतीच्या पुढं एका वस्तीवर मुक्काम, दिवे लागायच्या आत लिहून घेतो.

सकाळी निघालो. निम्मी वाट बैलगाडी मिळाली. दुपारी भीमेच्या उतारावर आलो. पाणी अजून भरपूर आहे, नाव चालू आहे. सगळे बसले तरी चाचा काठावरच. नावाडी ओरडला, "म्हातारबा, या की! का पवत येता?" सगळे हसले. मी खाली उतरून हाताला धरून आणलं. मधल्या धारेत ओढ लागली तेव्हा नावाडी म्हणाला, "बाबा, तेवढा दोर धरा जरा." चाचानं दोन्ही हात काखेत घातले आणि डोळे मिटले. दोर मी धरला. पलीकडं उतरल्यावर त्याला ओकारी झाली. ह्या वयात प्रवास सोसत नाही. मला वाईट वाटलं, आपण त्याला इतक्या लांब ओढत आणलं.

ता. २ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा. हुलगेवाडी

झालं.

सकाळीच पंच बसले. देवळापुढच्या लिंबाखाली घोंगडी अंथरली. सगळी वाडी जमली. आय बायकांच्यात मागं होती. काल रात्री तिला सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुला कळायचं हुतं ते कळलं, आता मला कशाला कळवतूस?" कपाळावर आज कुंकू रोजच्यापेक्षा मोठं होतं.

तात्या आले. पांढरा फेटा, अंगावर बिल्ला नाही. मी त्यांच्या अंगावर तो कधीच बघितला नाही. उंच माणूस, पण आता पाठीत वाकलाय. चाचाला बघितलं आणि थांबले.

"इमाम."

"सलाम, सुभेदारसाब."

तात्या म्हणाले, "गुडगा कसा हाय तुजा?"

ही धमकी होती. मला लगेच कळलं. एवढ्या लोकांत, आल्या आल्या, त्याच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी! चाचाचा चेहरा पडला. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

महादेवप्पांनी चाचाला विचारलं, "पावणं, तुमी मुसलमान. तुमच्या हातात भंडारा देत न्हाय. तुमच्या इमानाला स्मरून बोला. दोर कुनाच्या हुकमानं तुटला?"

चाचा खाली बघत म्हणाला, "साहेबाच्या कागदात सुभेदारांचा हुकूम लिवलाय."

"कागदाचं न्हाय इचारलं. तुमी सांगा."

"तेच. सुभेदारांचा." आवाज इतका बारीक की मागच्यांनी 'काय म्हनला? काय म्हनला?' म्हणून विचारलं. मला राग आला. एवढ्या लांबून आला आणि नीट बोलायला येईना.

मग महादेवप्पा तात्यांकडं वळले. "मायाप्पा, दोर तुझ्या हुकमानं तुटला का न्हाय, एवढंच. व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय. उचल आन बोल."

तात्या घोंगडीपुढं बसले. हात पुढं केला. बोटं भंडाऱ्याला लागली, पिवळी झाली. तसेच बसले. चाचाकडं बघितलं. मग हात मागं घेतला.

"उचलत न्हाय मी."

"मायाप्पा, इचार कर."

"केलाय."

"न्हाय उचलला तर काय हुतं ठावं हाय?"

"ठावं हाय की. तुझ्या जल्माच्या आदी मी पंचात बसत हुतो." कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. तात्या उठले, देवळात गेले, छत्री घेऊन बाहेर आले आणि महादेवप्पांच्या हातात दिली. "कुनाला धराय द्यायची त्याला द्या." आणि घराकडं चालू लागले. बोटं धोतराला पुसली नाहीत.

लोक म्हणाले, उचलला नाही म्हणजे झालंच की. एक म्हातारी त्यांच्या वाटेवर थुंकली.

पालखी निघाली. छत्री मला धरायला दिली. येडू नाईकाचा मुलगा म्हणून. हलगी वाजत होती, सगळे भंडारा उधळत होते. मला वाटलं होतं ह्या दिवशी लई बरं वाटेल. हात भरून आले एवढंच.

ता. ३ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर आय ओसरीवर बसली होती. कपाळ कोरं. बांगड्या फोडल्या नव्हत्या, काढून कोनाड्यात ठेवल्या होत्या.

मी म्हणालो, "आय, हे काय?"

"का? सात मानसं तितं मरायला टाकली आसं तूच न्हाय का शाबीत केलंस? मग मी कुनाचं लावू?"

मी कोनाड्याजवळ गेलो.

ती म्हणाली, "दोर तुटला म्हनला हुता मायाप्पा. तुटल्याला दोर हाय, मानूस कुठं बी पवत निगंल, आसं वाटायचं. आता रोज सकाळचं एक काम कमी झालं." आणि शेळीला पाला टाकायला गेली.

चाचा कालच दुपारी कुणालाही न सांगता गेला. एकटा.

ता. ६ नोव्हेंबर, बुधवार. सोलापूर

गिरणी सुरू. गेटावर दुसरा माणूस. चाचा आजारी आहे म्हणतात.

ता. १० नोव्हेंबर, रविवार

सकाळी वही पहिल्यापासून वाचली. बसवराज गावी गेलाय, खोलीत मी एकटाच होतो. आधी सुभेदार वर गाड्यांपाशी, मग शेजारी. दोर तोडणारा मेला, पण नाव नाही. दोर ओढायची खेचरं चाचाची. भीमेवर काखेत घातलेले हात. चाची म्हणाली होती, तेरा बरस मला ऐकवलं. लिहिताना मला ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

तसाच चाचाकडं गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. मी वही पुढं धरली. म्हणालो, "हितं तात्या वर होते. मग शेजारी कसे आले?"

त्याला वाचता येत नाही, तरी त्यानं पानावर हात ठेवला.

"वर हुते. पहिलंच खरं."

"मग हुकूम कुणी दिला?"

"कुनी न्हाई."

चाची दारात येऊन उभी राहिली. मग चाचा बोलला. मी ते जसंच्या तसं लिहितो.

"पहाट हुती. धुकं. मी एकटा खेचरं धरून. पडाव निम्म्यात गेला आन दोर हातातनं पळाय लागला. पलीकडनं कुनी तरी जोरात ओढत हुतं. मानसं दिसली, नुसत्या सावल्या. मला वाटलं तुर्क. वर पळून सुभेदारांना इचाराय पायजे हुतं. न्हाई इचारलं. कमरंला खेचराचा नाडा कापायचा सुरा हुता. तोडला. पडाव व्हावत गेला. मग पलीकडनं हाका आल्या. मराठीत."

 मी विचारलं, "ओढत कोण होतं? तुर्क का आमचे?"

"बेटा, तेच मला आजून म्हाईत न्हाई. तेरा वर्सं तेच इचारतो."

"आणि साहेबानं विचारलं तेव्हा?"

"साहेब पिस्तूल काढून आला. दोर कुनी तोडला? मी पाया पडायच्या आत सुभेदार म्हनले, माझा हुकूम. साहेबानं त्यांची पाठ थोपटली. म्हनला पडाव दुश्मनाला दिला न्हाईस. मला वाटलं वाडीत बी तसंच म्हनतील. उचलतील, व्हय म्हनतील, मिटंल. साहेबापुढं बोलले तसं. पर देवापुढं खोटं बोलंना झाला तो मानूस. आन खरं बोलला तर मी समोर बसलेला."

मी उठलो. त्याच्या गळ्याला हात घालावा असं वाटलं. घातला सुद्धा. सदऱ्याची गुंडी तुटून माझ्या हातात आली. त्यानं हात वर केला नाही. चाची म्हणाली, "मार, बेटा. मारना है तो मार." मग मला मारता येईना.

जेवलो नाही. पहिल्यांदाच त्या घरातनं उपाशी आलो.

ता. १२ नोव्हेंबर

गुंडी खिशात आहे. बसवराजला सांगितलं नाही. तो म्हणेल, "खरा का भिईल, तूच म्हनला हुतास." जाबरकडं चार दिवसांची रजा मागितली. म्हणाला परत येऊ नकोस. म्हणालो बरं.

ता. १५ नोव्हेंबर, शुक्रवार. हुलगेवाडी

तात्यांच्या मळ्यात गेलो. ते बांधावर बसून चातीवर लोकर कातत होते. घरच्या दोन्ही सुना पाठ करून पाणी शेंदत होत्या, मला पाणी विचारलं नाही. बरोबर केलं.

मी सगळं सांगितलं. तात्या कातत राहिले. मग म्हणाले, "सांगितलं व्हय इमामनं. बरं झालं, त्याच्या छातीवर हुतं ते."

"तात्या, तुम्ही का घेतलं अंगावर?"

"तासाभरात त्याला भिताडाला उबा करून गोळी घातली आसती. सात गेले हुते. आठवा कशाला?"

"मग भंडारा उचलून हुकूम माझा म्हणायचं होतं. साहेबापुढं म्हणालात की."

त्यांनी चाती थांबवली. "हे बघ सिदा. दोरापाशी येकट्याला ठिवून मी वर गेलो. घाबरट गडी हुता त्यो, मला ठावं हुतं. मंग हुकूम माझा म्हनलं तर लई खोटं झालं न्हाय, आसं साहेबापुढं वाटलं. पर भंडाऱ्यावर 'लई खोटं न्हाय' चालत न्हाय."

"आणि आयला तुटला का सांगितलं?"

"तुज्या आयनं दारातच इचारलं, जित्ता हाय का. मी हाक ऐकली हुती त्याची. जित्ता हुता तवा. तेवढंच सांगितलं. तोडला म्हनलं आसतं तर तिनं फुडचं इचारलं आसतं."

मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता महादेवप्पांकडं जातो. सगळं सांगतो."

"आन काय म्हनशील? तू बगितलंस? इमामला परत आनशील त्या घोंगडीपुढं? मी तेरा वर्सं राखलं ते तू दोन दिसांत वाडीत वाटनार?"

 एवढं खरं शोधत हिंडलो, आता हातात आलंय आणि कुठं ठेवावं कळत नाही.

निघताना तात्यांनी हाक मारली. "सिदा, इमामला इचार, गुडगा कसा हाय. त्या काठावर खेचरानं लाथ मारलीय त्याला, पडाव व्हावत गेला तवा पान्यात उडी घ्याय निगाला हुता. हाका ऐकून मी खाली पळत आलो आन वढून काढला."

ता. १६ नोव्हेंबर

आयला सगळं सांगितलं. तिला सांगायचं नाही असं मला करता आलं नाही. ती जात्यावर होती, दळायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "म्हंजे हाक मारली हुती त्यांनी." परत थोड्या वेळानं म्हणाली, "मराठीत." कुंकू लावलं नाही. पण दुपारी सुपलीत हुलगे घेऊन तात्यांच्या मळ्याकडं गेली. वाटेत सगळी वाडी बघत होती. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे, असं चालली होती.

ता. १९ नोव्हेंबर, मंगळवार. सोलापूर

गेटावर चाचा परत कामावर आलाय. उन्हात पन्नास माणसं उभी, मीही त्यांच्यात. माझी जागा गेली आहे. सगळ्यांबरोबर काठीनं मागं सारला जायची वाट बघत होतो.

तो माझ्यापुढं आला. वर बघेना. मी खिशातनं गुंडी काढून त्याच्या हातात दिली. म्हणालो, "चाचा, तात्यांनी इचारलंय, गुडगा कसा हाय."

त्यानं काठी स्टुलाला टेकवली. सगळे बघत होते. तोंडावरनं हात फिरवला. मग म्हणाला, "वाडीला पुढचा पाडवा कधी हाय?"

"दिवाळीला. अजून वर्ष आहे."

"महादेवप्पांना इचार, मुसलमानाच्या हातात भंडारा देतील का."

"विचारतो."

"आन सुभेदारांना सांग, गुडगा चालतोय म्हनावं. वाडीपतोर चालंल."

भोंगा झाला. त्यानं गेट उघडलं आणि मला जाबरकडं घेऊन गेला.